पोपची मोटार आणि शांतिनगरची वसाहत

मुंबईत मिळालेल्या एका आलिशान मोटारीतून मदर तेरेसा यांनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभे केले, त्याची कथा

डिसेंबर 1964. मुंबईच्या ओव्हल मैदानावर जगभरातील कॅथलिक धर्मीयांचा मेळा भरला होता. निमित्त होते अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसचे. या सोहळ्यासाठी साक्षात पोप सहावे पॉल रोमहून मुंबईत आले होते. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. 2 डिसेंबर रोजी ते मुंबईत उतरले, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री त्यांच्या स्वागताला उपस्थित होते. सांताक्रूझ विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता माणसांनी फुलून गेला होता आणि त्यात ख्रिस्ती नसलेल्या मुंबईकरांची संख्याही मोठी होती.

या दौऱ्यात पोपसाठी एक खास मोटार ठेवण्यात आली होती. पांढऱ्या रंगाची, अमेरिकी बनावटीची लिंकन कॉन्टिनेन्टल. अमेरिकेतील श्रद्धाळूंनी ती पोपना भेट म्हणून दिली होती. भारतातील रस्त्यांवर तेव्हा अ‍ॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड याच गाड्या दिसत. त्या काळात अशी लांबलचक, देखणी परदेशी मोटार म्हणजे डोळ्यांचे पारणे फेडणारे दृश्य होते. तीन दिवस ही मोटार मुंबईच्या कुतूहलाचा विषय ठरली. 5 डिसेंबरला पोप परत निघाले आणि जाण्यापूर्वी त्यांनी ही मोटार दान केल्याचे जाहीर झाले. ते दान कोणा चर्चला नव्हते, कोणा मोठ्या संस्थेलाही नव्हते. कलकत्त्याच्या वस्त्यांमधून पायी फिरणाऱ्या, निळ्या काठाची पांढरी साडी नेसणाऱ्या एका जोगिणीला ते दिलेले होते. तिचे नाव मदर तेरेसा.

मदर तेव्हा 54 वर्षांच्या होत्या. जगाला त्यांची ओळख व्हायची होती. नोबेल पारितोषिक अजून 15 वर्षे दूर होते. अशा वेळी हाती आलेल्या या अवजड, महागड्या भेटीचे त्यांनी काय केले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या कामाची रीत ध्यानात येते.

स्कोप्येची मुलगी

मदर तेरेसा यांचा जन्म 26 ऑगस्ट 1910 रोजी स्कोप्ये येथे झाला. हे शहर त्या वेळी ऑटोमन साम्राज्यात होते. आज ते उत्तर मॅसेडोनियाची राजधानी आहे. घराणे अल्बेनियन, धर्माने कॅथलिक. मुलीचे नाव आग्नेस गोंजा बोयाजिऊ. वडील निकोला व्यापारी होते. 1919 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि सुस्थितीतील कुटुंबाची घडी विस्कटली. आई द्राना हिने मुलांना वाढवले. स्वतःची ओढाताण असतानाही दारी आलेल्या गरजूला ही माउली विन्मुख पाठवत नसे. त्या संस्कारांचा ठसा मुलीवर कायमचा उमटला.

वयाच्या अठराव्या वर्षी, 1928 मध्ये, आग्नेसने घर सोडले. आयर्लंडमधील लोरेटो संघात ती दाखल झाली आणि 1929 च्या जानेवारीत कलकत्त्याला पोचली. आईची आणि तिची पुन्हा कधीच भेट झाली नाही. दार्जिलिंगला धर्मदीक्षेची तयारी झाली. 1931 मध्ये तिने पहिली व्रते घेतली आणि तेरेसा हे नाव धारण केले. एंटाली भागातील सेंट मेरीज शाळेत ती भूगोल आणि इतिहास शिकवू लागली. पुढे ती त्या शाळेची मुख्याध्यापिका झाली.

शाळेच्या आवाराला उंच भिंत होती आणि भिंतीपलीकडे मोतीझील नावाची झोपडपट्टी. 1943 च्या दुष्काळाने बंगालमध्ये लाखो माणसे मेली. 1946 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भीषण दंगली उसळल्या. भिंतीच्या आतील शांतता आणि बाहेरील हाहाकार यांतील अंतर दिवसेंदिवस असह्य होत गेले. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत त्यांना अंतःप्रेरणा झाली. मठ सोडून गरिबांतील गरिबांमध्ये जाऊन राहायचे, त्यांच्यासारखेच जगायचे, असा त्यांनी निश्चय केला.

निश्चय प्रत्यक्षात यायला दोन वर्षे लागली. रोमची परवानगी आली, तेव्हा 1948 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लोरेटोचा वेश उतरवून साधी सुती साडी नेसली. पाटण्याला जाऊन शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण घेतले. वर्ष सरता सरता त्या मोतीझीलमध्ये उतरल्या. ना फळा, ना बाके. जमिनीवर काडीने अक्षरे गिरवून शाळा सुरू झाली. जुन्या विद्यार्थिनी एकेक करून येऊन मिळाल्या. 7 ऑक्टोबर 1950 रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला मान्यता मिळाली.

1952 मध्ये कालीघाटच्या मंदिरालगतची धर्मशाळा कलकत्ता महापालिकेने मदरना दिली. रस्त्यावर मरणासन्न अवस्थेत सापडणाऱ्यांसाठी तेथे निर्मल हृदय सुरू झाले. देवीच्या दारात परधर्मीय बाईने ठाण मांडल्यामुळे विरोधही झाला. पण कामच बोलू लागले तसा तो मावळत गेला. 1955 मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी शिशु भवन निघाले. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय हे स्वतः निष्णात वैद्य. मदरच्या कामाकडे त्यांनी आपुलकीने पाहिले आणि सरकारी दारे त्यांच्यासाठी उघडी ठेवली.

ज्यांना कोणी शिवत नसे

या सगळ्या दुःखांत एक दुःख निराळे होते. कुष्ठरोग झालेल्या माणसाला रोगापेक्षा माणसांचाच जाच अधिक होता. घर तुटत असे, नोकरी जात असे, गाव वाळीत टाकत असे. 1898 चा कायदा रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून डांबण्याची मुभा देत होता. वास्तविक डॅप्सोन या औषधामुळे 1950 च्या दशकात हा रोग आटोक्यात येऊ लागला होता. औषध होते, पण ते घ्यायला रुग्णाने उजेडात यावे लागे आणि उजेडात आला की तो समाजातून उठत असे. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी औषधानेच रुग्णापर्यंत जायला हवे होते.

मदरनी 1957 मध्ये नेमके तेच केले. औषधे घेऊन वस्त्यावस्त्यांत जाणारा फिरता दवाखाना त्यांनी सुरू केला. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी गाडी उभी राहायची. रुग्ण रांगेने यायचे, जखमा धुऊन मलमपट्टी व्हायची, गोळ्या मिळायच्या. पुढे कलकत्त्याजवळ टिटागढ येथे रेल्वेमार्गालगत कुष्ठरुग्णांचे केंद्र उभे राहिले. तेथील मागांवर रुग्णांनी विणलेल्या निळ्या काठाच्या साड्याच संघाच्या भगिनी नेसू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी पिण्यास लोक कचरत, त्यांच्या हातचे वस्त्र अंगावर वागवणे हाच एक मूक संदेश होता.

तरीही प्रश्न सुटत नव्हता. औषधाने बरा झालेला माणूस जाणार कोठे? गाव त्याला परत घेत नव्हते. हाताची बोटे झडलेली, चेहरा विद्रूप झालेला. रोग गेला तरी खुणा राहत. अशा माणसांना कुटुंबासह राहता येईल, कष्ट करून खाता येईल असे गाव हवे होते. 1961 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने आसनसोलजवळची 34 एकर जमीन नाममात्र एक रुपया वार्षिक भाड्याने दिली. मदरनी नाव ठरवले, शांतिनगर. जमीन मिळाली, पण माळरानाचे गाव करायचे तर पैसा लागणार होता. तो नव्हता. ठरावीक उत्पन्न, ठेवी किंवा अनुदान यांवर संघ चालवायचा नाही, हा मदरचा दंडक होता. जे येईल त्यावर दिवस काढायचा. शांतिनगर मात्र एका दिवसाच्या मिळकतीत उभे राहणारे नव्हते.

मोटारीचे काय करायचे?

पोपची मोटार आली ती नेमकी या वळणावर. पोप सहावे पॉल यांनी ती द्यावी, यात काही विसंगत नव्हते. मुंबईला येण्याच्या काही आठवडे आधी, 1964 च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांनी आपला रत्नजडित मुकुट गरिबांसाठी अर्पण केला होता. मुंबईच्या मुक्कामात त्यांनी जगातील राष्ट्रांना शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून गरीब देशांसाठी निधी उभारण्याचे आवाहन केले होते. असे आवाहन करणाऱ्याने स्वतःची दिमाखदार मोटार सोबत घेऊन परत जाणे शोभले नसते.

मदरपुढे मात्र व्यवहाराचा प्रश्न होता. ही मोटार संघाच्या कामाला उपयोगाची नव्हती. कलकत्त्याच्या गल्लीबोळांत ती शिरली नसती. तिचे इंधन, सुटे भाग, चालक यांचा खर्च परवडला नसता. शिवाय गरिबांसारखे राहण्याचे व्रत घेतलेल्या भगिनींनी लिंकन कॉन्टिनेन्टलमधून उतरणे हीच एक थट्टा झाली असती. मदरनी ती फिरण्यासाठी वापरली नाही.

मग विकायची का? सरळ विचार करणाऱ्याने तेच केले असते. पण वापरलेल्या परदेशी मोटारीला गिऱ्हाईक कोण? त्या काळात मोजकेच धनिक ती घेऊ शकले असते आणि त्यांनीही घासाघीस करूनच घेतली असती. बाजारात या मोटारीची किंमत तिच्या पत्र्याची आणि इंजिनाची होती. लोकांच्या मनातील किंमत वेगळी होती. ती पोप बसले होते त्या आसनाची होती. ही दुसरी किंमत कोणा एका खरेदीदाराकडून वसूल होण्याजोगी नव्हती. ती हजारो लोकांत विखुरलेली होती.

मदरनी सोडत काढायचे ठरवले. मोटार हे बक्षीस आणि तिकीट घेणारा प्रत्येक जण दाता. ज्याला मोटार घेण्याचे स्वप्नही पडले नसते, तो तिकीट घेऊ शकत होता. मोटार मिळाली तर नशीब. न मिळाली तरी पैसे सत्कारणी लागल्याचे समाधान. सोडतीतून साडेचार लाख रुपयांच्या घरात रक्कम जमली. त्या वेळच्या दराने ती सुमारे एक लाख डॉलर होते. सरळ विक्रीतून आली असती त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती. मोटार विजेत्याच्या दारी गेली आणि पैसा शांतिनगरला.

या पैशातून शांतिनगरच्या रुग्णालयाची मुख्य इमारत उभी राहिली. हळूहळू माळरानाचे रूप पालटले. घरकुले झाली, झाडे लागली, तळी खोदली गेली, भातशेती डुलू लागली. रुग्ण कामे शिकले. एकमेकांची घरे बांधू लागले. कुष्ठरुग्ण आईबापांच्या पोटी निरोगी मुले जन्माला आली आणि ती त्याच गावात वाढली. ज्यांची समाजाने मोजदाद करणे सोडले होते, त्यांना पत्ता मिळाला.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नव्हता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी आणि अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठसेवेचा पाया आधीच घातला होता. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोड्याच्या माळावर आनंदवन फुलवले. बाबांची वाट दयेपेक्षा श्रमाच्या आणि स्वाभिमानाच्या बाजूने जाणारी होती. मदरची वाट भक्तीतून निघाली होती. प्रेरणा भिन्न, श्रद्धा भिन्न. पण कुष्ठरुग्णाला भिकेचा कटोरा नव्हे तर गाव हवे, या निष्कर्षाशी दोघेही आपापल्या वाटेने पोचले. योगायोग असा, की टेम्पलटन पुरस्कार 1973 मध्ये मदरना आणि 1990 मध्ये बाबांनाही मिळाला.

कलकत्त्याबाहेर

मोटारीच्या दानानंतर दोनच महिन्यांनी, 1 फेब्रुवारी 1965 रोजी, पोप सहावे पॉल यांनी मिशनरीज ऑफ चॅरिटीला थेट रोमच्या अखत्यारीत घेतले. आता संघाला भारताबाहेर जाण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी व्हेनेझुएलात पहिले परदेशी केंद्र निघाले. मग रोम, टांझानिया, ऑस्ट्रेलिया अशी रांगच लागली. 1971 मध्ये पोपनीच मदरना शांतता पुरस्कार दिला. 1979 मध्ये नोबेल शांतता पारितोषिक आणि 1980 मध्ये भारतरत्न. ओस्लोला नोबेल स्वीकारताना त्यांनी सन्मानाची मेजवानी रद्द करायला लावली आणि तो खर्च गरिबांसाठी मागून घेतला. 1964 च्या मोटारीमागचा हिशेबच येथेही होता. मान मिळाला तर तो आपल्यासाठी न ठेवता त्याचे अन्नात, औषधात, विटांत रूपांतर करायचे.

कीर्तीबरोबर टीकाही आली आणि ती टाळून मदरचे चरित्र पुरे होत नाही. निर्मल हृदयमधील वैद्यकीय सेवेचा दर्जा, विशेषतः वेदनाशामक औषधांचा तुटवडा, यावर 1994 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बोट ठेवले गेले. ब्रिटिश पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांनी 1995 मध्ये पुस्तक लिहून कडाडून हल्ला चढवला. हुकूमशहांशी आणि वादग्रस्त धनिकांशी असलेले संबंध, देणग्यांच्या हिशेबातील गुप्तता, गर्भपाताला आणि संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना असलेला विरोध हे आक्षेपाचे मुद्दे होते. भारतात धर्मांतराचा प्रश्नही वारंवार उपस्थित झाला. दारिद्र्याच्या मुळाशी न जाता केवळ जखमा बांधल्या, असेही म्हटले गेले. या आक्षेपांतील काहींना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मात्र शांतिनगरचे उदाहरण पाहता, मदरचे सगळे काम मरणाऱ्याचा हात हातात घेण्यापुरते होते, असे म्हणता येत नाही. तेथे जगण्याची सोय उभी राहिली होती.

हृदयविकाराने जर्जर झालेल्या मदरनी 5 सप्टेंबर 1997 रोजी कोलकात्यातील मदर हाउसमध्ये शेवटचा श्वास घेतला. महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांची अंत्ययात्रा ज्या तोफगाड्यावरून निघाली होती, त्याच तोफगाड्यावरून 13 सप्टेंबरला त्यांचा अखेरचा प्रवास झाला. पायी फिरणाऱ्या या बाईच्या वाट्याला मरणोत्तर का होईना, राजेशाही वाहन आलेच. आणि ते तेवढे त्यांना कोणाला देऊन टाकता आले नाही.

अंधारातील वाटचाल

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्यांची खासगी पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि जग थक्क झाले. संघ सुरू झाल्यापासून पुढची कित्येक दशके मदरना ईश्वराच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता. प्रार्थनेत त्यांना रितेपण आणि अंधार जाणवत होता. धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रांत ही व्यथा त्यांनी मांडली होती आणि ती पत्रे नष्ट करण्याचीही त्यांची इच्छा होती. म्हणजे 1964 च्या त्या डिसेंबरात, साक्षात पोपची मोटार त्यांच्या नावे झाली, सर्वत्र कौतुक झाले, तेव्हाही आत तोच अंधार होता. त्या कौतुकावर त्या विसंबल्या नाहीत. तिकिटे छापणे, पैसे गोळा करणे, विटा आणणे ही हाताशी असलेली कामे त्या करीत राहिल्या. ही गोष्ट कळल्यावर मोटारीच्या सोडतीकडे केवळ चतुराईची कथा म्हणून पाहता येत नाही.

4 सप्टेंबर 2016 रोजी पोप फ्रान्सिस यांनी मदरना संतपद दिले. ज्यांनी मोटार दिली ते पोप सहावे पॉल यांनाही 2018 मध्ये संतपद मिळाले. 1898 चा तो कुष्ठरुग्णविरोधी कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडावे लागले आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद 2019 मध्ये गेली. कायदे बदलण्याच्या पन्नासएक वर्षे आधी आसनसोलजवळच्या माळावर त्याच माणसांसाठी दारे-खिडक्या बसत होत्या.

पोपच्या वाहनांची परंपरा पुढेही चालू राहिली. पोप फ्रान्सिस यांना भेट मिळालेली लॅम्बोर्गिनी 2018 मध्ये लिलावात विकून तो पैसा सेवाकार्याला देण्यात आला. बेथलेहेमला त्यांनी वापरलेली मोटार गाझातील मुलांसाठी फिरता दवाखाना करावी, अशी त्यांची अखेरच्या काळातील इच्छा 2025 मध्ये त्यांच्या निधनानंतर जगापुढे आली. मोटारीचा दवाखाना होऊ शकतो, हे कोलकात्याला 1964 पासूनच ठाऊक होते.

मुंबईच्या रस्त्यांवरून तीन दिवस डौलाने धावलेली ती पांढरी मोटार केव्हाच लोकांच्या विस्मरणात गेली. मोटारीचे आयुष्य तेवढेच असते. तिच्या मोलाने उभी राहिलेली इमारत मात्र पुढे वर्षानुवर्षे जखमा धुण्याच्या, मलमपट्टीच्या आणि बरे होऊन घरी परतणाऱ्यांच्या कामी आली. ते घर त्यांना त्याच आवारात मिळाले होते.